बावीस बोअर रायफलीसाठी परवडणारा स्कोप: निवड, जोडणी आणि झिरो

बावीस बोअरच्या रायफलीसाठी स्कोप घ्यायला कुणी दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एक्सचा?" एक्स म्हणजे निशाणा किती पट मोठा दिसतो ते. कमी पैशांत चांगला स्कोप घ्यायचा असेल तर हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर ढकला. आधी विचारा, या स्कोपचं पॅरालॅक्स (डोळा सरकला की नेमही सरकण्याचा दोष, पुढे सविस्तर येतो) किती अंतरावर बसवलेलं आहे? मग विचारा, याच्या रिंगा, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्या, माझ्या रायफलीच्या खाचेत नीट बसतात का? या दोन उत्तरांत गडबड असेल तर बाकीचे सगळे पैसे पाण्यात जातात.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. बावीस बोअर रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या) रायफलीला शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना लागतो. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला लागत नाही. स्कोप दुकानातून पक्क्या बिलावरच घ्या आणि बिल परवान्याच्या फाइलीत लावून ठेवा. रायफलीला ड्रिल मारणं, आटे पाडणं ही कामं परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच करून घ्यायची, कारण कलम ५ नुसार शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. गावातल्या लेथवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी रायफल त्याच्याकडे न्यायची नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मराठवाड्यात रानडुकरं सोयाबीन आणि मका लोळवतात, म्हणून बरेच जण बावीस बोअरला स्कोप लावायचा विचार करतात. तो विचार सोडून द्या. वन खात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावता येत नाही, हा एक भाग. दुसरं असं की, या काडतुसाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची असते आणि नळीतून निघताना तिची ताकद सुमारे १४० ज्यूल असते. एवढ्यानं डुक्कर पडत नाही. ते जखमी होतं, तुरीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या माणसाच्या अंगावर येतं. इथून पुढची सगळी माहिती कागदी निशाण्यासाठी आहे.

मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल तर स्कोपवर खर्चच करू नका. ५० मीटर रायफलीच्या ऑलिंपिक प्रकारात भिंगाचा स्कोप चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते मागच्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या गोल रिंगमधून नेम धरून. त्या वाटेनं जाणाऱ्यानं तेच पैसे चांगल्या पीप साइटवर, म्हणजे अशा छिद्राच्या नेमावर, घालावेत. स्कोप घ्यायचा तो सरावासाठी, रायफल आणि काडतूस पारखण्यासाठी, आणि साध्या माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नजर ठरत नाही अशा चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांसाठी.

पॅरालॅक्स म्हणजे नेमकं काय बिघडतं

स्कोपमध्ये निशाण्याची प्रतिमा एका प्रतलावर पडते आणि क्रॉसची तार दुसऱ्या ठरलेल्या प्रतलावर असते. ही दोन्ही प्रतलं एका ठरावीक अंतरावरच जुळतात. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे डोळा भिंगाच्या मध्यापासून जरा सरकला, तरी रायफल न हलता क्रॉस निशाण्यावरून सरकतो.

मोठ्या बोअरच्या रायफलींसाठीच्या स्कोपमध्ये हे अंतर साधारण १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर ठेवलेलं असतं. रिमफायरच्या स्कोपमध्ये ते ५० ते ६० यार्ड असतं. फरक किती पडतो ते पाहा. पुढचं भिंग ४० मिमीचं, पॅरालॅक्स ९१ मीटरवर आणि निशाणा ४६ मीटरवर असेल, तर डोळा पार कडेला गेल्यावर १० मिमीपर्यंत चूक होऊ शकते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं अख्खं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. म्हणजे नेम अचूक, घोडा अलगद दाबलेला, काडतूस उत्तम, आणि तरी गोळी दहाच्या बाहेर. त्याच स्कोपनं १० मीटरवर नेम धरला तर चूक १७-१८ मिमीपर्यंत जाते.

म्हणून डब्यावर किंवा माहितीपत्रकात 'रिमफायर' किंवा '५० यार्ड पॅरालॅक्स' असं लिहिलेलं आहे का ते शोधा. काहीच लिहिलेलं नसेल तर १०० यार्डाचा आहे असं समजून चाला. १० मीटर आणि ५० मीटर, दोन्हीकडे सराव असेल तर पुढचं भिंग फिरवून अंतर जुळवता येणारा 'एओ' प्रकार घ्या. त्याच्या कडेवर १० यार्डापासूनचे आकडे असतात. स्वस्त एओ स्कोपवर हे आकडे खरे असतीलच असं नाही, त्यामुळे प्रत्यक्ष जुळवून खडूनं आपली खूण करून ठेवणं बरं.

पुढच्या भिंगाची कडी सैल करून १०० यार्डाचा स्कोप ५० वर आणता येतो असं सांगणारे भेटतील. काही स्कोपमध्ये ते जमतंही. पण कडी उघडली की आतला कोरडा नायट्रोजन निघून जातो, वॉरंटी संपते आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंगाच्या आतून बाष्प धरतं.

किती एक्स, किती मिलिमीटर

५० मीटरसाठी ४×३२ (४ एक्स, पुढचं भिंग ३२ मिमी) हा स्थिर स्कोप पुरतो, आणि आमच्या मते कमी बजेटमध्ये तोच सर्वांत खात्रीचा. आत झूमची हलणारी नळी नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं कमी असतं. तेवढ्याच पैशांत ३-९×४० (३ ते ९ एक्स झूम) मिळतो खरा, पण त्याच किमतीत झूम घालायचा म्हणजे कारखान्यानं भिंगात किंवा क्लिकच्या, म्हणजे नॉब फिरवून नेम टप्प्याटप्प्यानं सरकवण्याच्या, यंत्रणेत काटकसर केलेली असते. थोडं बजेट वाढवता आलं तर २-७×३२ घ्या. बावीस बोअरला याहून सोयीचा आकार नाही. व्हॉर्टेक्सच्या क्रॉसफायर टू मालिकेत २-७×३२ रिमफायर येतो, ल्यूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम रिमफायर ३-९×४० मध्ये येतो. यांच्या नकली प्रती ऑनलाइन भरपूर फिरतात. किंमत संशयास्पद कमी असेल आणि बिल मिळत नसेल तर तिकडं वळूच नका.

पुढच्या भिंगाच्या व्यासाला एक्सनं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४×३२ मध्ये ती ८ मिमी, ९ वर लावलेल्या ३-९×४० मध्ये ४.४ मिमी. भर उन्हात आपली बाहुली २-३ मिमीच उघडी असते, म्हणून दोन्ही पुरतात. ५० मिमीच्या भिंगाचा इथं उपयोग नाही, उलट तोटाच. तो नळीला लागू नये म्हणून उंच रिंगा घ्याव्या लागतात, गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि डोळा भिंगाच्या मध्यावर राहत नाही. मग वर सांगितलेली पॅरालॅक्सची चूक दर गोळीला वेगळी होते.

हे मात्र टाळाच: पाऊण इंची, म्हणजे १९ मिमी नळीचे ४×१५, ४×२० स्कोप. एअर गनसोबत फुकट येतात तेच. त्यातून दिसतं कमी आणि क्लिक जागेवर राहत नाहीत. नळी १ इंची, म्हणजे २५.४ मिमी हवी. लाल-हिरवा दिवा लागणारा क्रॉसही स्वस्त स्कोपमध्ये नको. दिवसा त्याचा उपयोग नाही, नळीत आतून चकाकी येते, आणि सेल विसरून राहिला तर तो फुटून सेलची खाच गंजते. साधा डुप्लेक्स क्रॉस, म्हणजे कडेला जाड आणि मध्ये बारीक रेषा, आणि क्लिकवर झाकणं असलेला स्कोप घ्या.

स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी हाच स्कोप वापरायचा विचार असेल तर थांबा. स्प्रिंगचा दट्ट्या सुटताना रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. साध्या स्कोपची भिंगं आणि तार फक्त मागच्या झटक्यासाठी पकडलेली असतात. बावीस बोअरवर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप एअर रायफलीवर लवकर खिळखिळा होतो. त्यासाठी 'स्प्रिंग एअर रायफल' असं स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा लागतो.

दुकानातच करायच्या तपासण्या

रायफल सोबत नेण्याची गरज नाही. पुठ्ठ्याचा एक खोका न्या, त्याच्या समोरासमोरच्या दोन कडांना व्ही आकाराच्या खाचा कापा आणि स्कोप त्यात ठेवा. खोक्यात वजनासाठी दोन विटा टाकल्या की हलत नाही.

दुकानाच्या दारातून समोरची पाटी, विजेचा खांब, पत्र्याच्या शेडची कड असं काहीतरी साधारण ५० मीटरवरचं शोधा. मोठ्या पावलांनी ६५-७० पावलं होतात. क्रॉस पाटीवरच्या एखाद्या अक्षरावर ठेवा, स्कोपला हात न लावता डोळा सावकाश डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. क्रॉस अक्षराच्या आतच राहिला तर पॅरालॅक्स ठीक. अक्षर सोडून शेजारच्या अक्षरावर गेला तर स्कोप परत ठेवा. ही तपासणी करण्याआधी मागचं भिंग फिरवून क्रॉस लख्ख करून घ्या. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे एक-दोन सेकंद बघायचं, नजर काढायची, थोडं फिरवायचं, पुन्हा बघायचं. एकटक बघत फिरवलं तर डोळाच जुळवून घेतो आणि फसवतो. सूर्याकडे स्कोप कधीही वळवू नका.

मग पत्र्याची कड आभाळाच्या पार्श्वभूमीवर बघा. कडेला जांभळी-पिवळी किनार थोडी दिसणारच, पण ती मध्यभागातही जाड दिसत असेल तर भिंग हलकं आहे. खांब भिंगाच्या कडेला नेल्यावर वाकडा दिसतो का, तेही बघा. झूम असेल तर क्रॉस एका बिंदूवर ठेवून सर्वांत कमीवरून सर्वांत जास्तीवर फिरवा. क्रॉस बिंदू सोडून सरकत असेल तर तो स्कोप घेऊ नका. झिरो (ठरलेल्या अंतरावर गोळी क्रॉसवरच लागेल अशी जुळवणी) एका झूमवर केलेला दुसऱ्या झूमवर चालणार नाही.

सर्वांत महत्त्वाची तपासणी क्लिकची, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. बहुतेक स्कोपवर एक क्लिक पाव एमओए (कोनाचं एक माप) असतो. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सें.मी. म्हणजे २५ मीटरवर एक क्लिक १.८ मिमी आणि ४० क्लिक ७३ मिमी. २५ मीटरवर भिंतीला एक पट्टी उभी चिकटवा, क्रॉस शून्यावर आणा, खोका दाबून धरून वरच्या नॉबचे ४० क्लिक मोजा. क्रॉस ७३ मिमीच्या आसपास सरकायला हवा. दोन-तीन मिमी इकडेतिकडे चालेल. मग ४० क्लिक परत फिरवा. क्रॉस शून्यावरच यायला हवा. आला नाही तर तो स्कोप रेंजवर तुमची काडतुसं खाईल. क्लिक मोजताना प्रत्येकाचा ठसका बोटाला जाणवला पाहिजे.

रिंगा आणि खाच

स्कोपला दहा रुपये असतील तर त्यातले दोन रिंगांसाठी बाजूला काढा. रायफलीवरची खाच व्हर्नियरनं मोजून जा. अमेरिकन बनावटीच्या बऱ्याच बावीस बोअरवर ती ३/८ इंची, म्हणजे ९.५ मिमी असते. सीझेड आणि अॅन्शुट्झच्या बहुतेक रायफलींवर ११ मिमीची. दोन्हीला दुकानदार 'डव्हटेल' म्हणूनच देतो. ११ ची रिंग ९.५ वर आवळली जाते, वरवर घट्टही वाटते, पण तिचा जबडा फक्त टोकावर धरतो आणि दर काही गोळ्यांनी रिंग केसभर सरकते. २१ मिमीची पिकाटिनी पट्टी (आडव्या खाचा असलेली) असेल तर रिंगा वेगळ्या लागतात. जुन्या रायफलीवर खाचच नसेल तर पट्टी बसवण्याचं काम वर सांगितल्याप्रमाणे परवानाधारकाकडेच.

रिंगेची उंची अशी ठरवा की पुढचं भिंग नळीपासून ३-४ मिमी सुटं राहावं आणि बोल्ट (काडतूस भरायला मागेपुढे होणारा दांडा) उघडताना त्याची मूठ मागच्या भिंगाला घासू नये. जुन्या रायफलींचा बोल्ट बराच वर उचलावा लागतो, तो उघडून बघितल्याशिवाय रिंगा घेऊ नका. यापेक्षा उंच नको. तरीही गाल टेकत नसेल तर दस्त्यावर फोमची पट्टी ठेवून सुती कापडानं गुंडाळा, काम भागतं.

जोडणी

बोल्ट काढून नळी रिकामी असल्याची खात्री करा. खाच, रिंगा, स्क्रू आणि स्कोपच्या नळीचा पकडीचा भाग स्पिरिटनं पुसून तेल पूर्ण काढा. तेलकट रिंगेत स्कोप सरकतोच. खालच्या रिंगा घट्ट करून स्कोप वर ठेवा, वरच्या पट्ट्या सैल ठेवा. झूम सर्वांत जास्तीवर न्या, झोपून किंवा बसून नेहमीसारखी रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल टेका आणि मग डोळा उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेल तिथं स्कोप ठेवा. कडेनं काळी चंद्रकोर दिसली तर पुढे-मागे करा. डोळा आणि मागचं भिंग यांत ७ ते १० सें.मी. अंतर येतं.

क्रॉस उभा करायला गवंड्याचा ओळंबा वापरा. २५-३० मीटरवर ओळंबा टांगा, वाऱ्यानं हलू नये म्हणून लोलक पाण्याच्या बादलीत बुडवा. रायफल उशांवर ठेवून खाचेवर छोटी पाणसळ ठेवा आणि रायफल समतल करा. आता क्रॉसची उभी रेघ दोरीवर जुळवा. वाकडा क्रॉस ५० मीटरवर जाणवत नाही, पण १०० मीटरसाठी वर क्लिक चढवले की गोळी आडवी जाते आणि दोष वाऱ्यावर ढकलला जातो.

वरच्या पट्ट्यांचे स्क्रू तिरपे-समोरचे असे आलटून-पालटून, दर वेळी पाव फेरा आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. टॉर्क पान्यावर (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या पान्यावर) २ न्यूटन-मीटरच्या आत राहा. पाना नसेल तर अॅलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धरून जेवढं आवळता येईल तेवढंच. जास्त आवळल्यानं नळी चिमटते आणि आतली यंत्रणा अडकते. 'क्लिक फिरवतो पण गोळी सरकत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. शेवटी नेलपॉलिशचा ठिपका स्क्रू आणि रिंग दोन्हींवर येईल असा लावा, स्क्रू फिरला की ठिपका तुटलेला दिसतो.

झिरो

हे काम रेंजवरच करायचं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ५० मीटरची रेंज आहे. आपल्या जिल्ह्यात कुठली रेंज खुली आहे ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. शेतात नको. बावीस बोअरची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि उन्हाळ्यात तापून दगडासारख्या झालेल्या ढेकळावरून किंवा बांधावरच्या काळ्या पाषाणावरून ती उसळून कुठे जाईल याचा भरवसा नाही.

पहिलं टार्गेट २५ मीटरवर. बोल्ट काढलेली रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून नळीतून बघा, टार्गेट नळीच्या बरोबर मधोमध आणा, आणि रायफल न हलवता क्लिक फिरवून क्रॉसही तिथंच आणा. यात दहा-पंधरा काडतुसं वाचतात. मग बोल्ट घालून पाच गोळ्यांचा गट मारा. एका गोळीवरून कधीच क्लिक फिरवू नका. साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, त्या मोजायच्या नाहीत.

स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून ४ सें.मी. वर असेल आणि काडतूस स्टँडर्ड वेगाचं, म्हणजे सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपासचं असेल, तर २५ मीटरवर गट केंद्राच्या साधारण १ सें.मी. वर आणा. मग ५० मीटरवर तो जवळपास केंद्रात बसतो. तिथं उरलेलं दुरुस्त करा. ५० मीटरवर एक क्लिक ३.६ मिमी. गट ४ सें.मी. खाली आणि २ सें.मी. डावीकडे पडला असेल तर ११ क्लिक वर आणि ५ ते ६ क्लिक उजवीकडे. नॉबवरचा बाण गोळी कुठं सरकेल ते सांगतो. स्वस्त स्कोपमध्ये दोन क्लिक जास्त फिरवून मग दोन परत आणा, नॉबवर बोटानं हलकी टिचकी मारा, म्हणजे आतली स्प्रिंग जागेवर बसते.

५० मीटरवर झिरो असताना ७५ मीटरवर गोळी सुमारे ८ सें.मी. आणि १०० मीटरवर २० ते २२ सें.मी. खाली लागते. १०० साठी ३० क्लिकच्या आसपास चढवावे लागतात. आपल्या काडतुसाचा आकडा कागदावर मारून पक्का करा. काडतुसाचा ब्रँड बदलला की झिरोही बदलतो. हाय व्हेलॉसिटीचा मोह नको. ती गोळी ध्वनीपेक्षा वेगानं निघते, वाटेत त्या वेगाखाली येते आणि तिथं डळमळते. स्टँडर्ड वेगाची गोळी सुरुवातीपासूनच ध्वनीच्या वेगाखाली असते, म्हणून गट लहान येतो.

गट बिघडला तर आधी त्याचा आकार बघा. आडवा पसरला तर वारा: ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला अडीच-तीन सें.मी. सरकवतो. उभा पसरला तर काडतुसांचा वेग सारखा नाही. दोन वेगळे पुंजके पडले तर गाल दर वेळी वेगळा टेकतोय आणि पॅरालॅक्स चुकतंय, किंवा रिंग सैल आहे. गट लहानच, पण दर वेळी जागा बदलतो, आणि नेलपॉलिशचा ठिपका शाबूत, तर स्कोप आतून गेला आहे. खात्रीसाठी साध्या माशीवर किंवा दुसऱ्या स्कोपवर तेच काडतूस मारून बघा.

आपल्या हवेत

परभणी, नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो. साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून झळा उठतात आणि ९ एक्सवर टार्गेट पाण्यात पडल्यासारखं थरथरतं. झूम ४ वर आणा, त्रास कमी होतो. झिरोचं काम सकाळी सात ते नऊमध्येच उरका, तेव्हा वाराही पडलेला असतो. रायफल बंद गाडीत ठेवू नका. तापलेल्या स्कोपचा झिरो सरकतो आणि काडतुसांचा वेगही बदलतो, त्यामुळे दोन्ही सावलीत ठेवा.

काळ्या मातीची धूळ भिंगावर बसली तर रुमालानं पुसायची नाही. तिच्यातले बारीक खडे भिंगाचं कोटिंग ओरखडतात. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि सर्वांत शेवटी भिंगाचं कापड. पावसाळ्यात स्कोप चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत बंद करून ठेवला की भिंगावर बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलची पुडी टाका आणि पंधरा दिवसांनी ती तव्यावर मंद आचेवर कोरडी करून पुन्हा वापरा.